युनिटचा दर आणि पंख्याची किंमत

महागाईविरुद्धच्या लढ्यात आपल्या चळवळीने आजवर भावाचा प्रश्न लावून धरला, आणि ते योग्यच होते. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते, तारा रेड्डी अशा निरनिराळ्या पक्षांतील स्त्रिया एका व्यासपीठावर आल्या आणि हाती लाटणे घेतलेल्या हजारो गृहिणींनी तेल, साखर, रॉकेल यांच्या भावाचा जाब सरकारला विचारला. वीजबिलाच्या बाबतीतही आपण तीच रीत चालू ठेवली आहे. दरवाढ जाहीर झाली की निवेदन द्यायचे, निदर्शने करायची, प्रसंगी बिलांची होळी करायची. परंतु वीजबिल हा दोन आकड्यांचा गुणाकार असतो. एक आकडा युनिटच्या दराचा, दुसरा युनिटांच्या संख्येचा. पहिल्यासाठी आपण रस्त्यावर उतरतो. दुसरा मात्र कंपनीच्या माहितीपत्रकावर आणि ‘वीज वाचवा’ या भिंतीवरच्या घोषणेवर सोडून देतो.

हा दुसरा आकडाही पहिल्याइतकाच राजकीय आहे, हे या लेखातून मांडावयाचे आहे. गरिबाच्या घरात एवढ्याशा सुखासाठी अधिक युनिटे जळतात, याचे कारण त्याच्या उधळेपणात शोधणे व्यर्थ आहे. ते त्याच्या भांडवलहीनतेत आहे. आणि भांडवलाचा प्रश्न आला की समाजवाद्याला तो ‘घरगुती काटकसर’ म्हणून बाजूला सारता येत नाही.

कांदिवलीचेच उदाहरण घेऊ. पश्चिमेला चारकोप आहे. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने अल्प उत्पन्न गटांना तेथे आखीव भूखंड देण्यात आले. पूर्वेला पोयसर, हनुमाननगर, आकुर्ली, दामूनगर या वस्त्या आहेत, आणि त्यांच्या उशालाच ठाकूर व्हिलेज व लोखंडवाला संकुलाचे मनोरे उभे आहेत. या भागाला वीज पुरविण्याचे काम १९२९ साली स्थापन झालेल्या बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनीने दीर्घकाळ केले. २००३ साली ती रिलायन्स समूहाकडे गेली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये हा व्यवसाय अदानी समूहाने विकत घेतला. मालक बदलत गेले. चाळीच्या जिन्याखालचे मीटर मात्र फिरतच राहिले.

१९९९ पासून दर ठरविण्याचा अधिकार महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे आहे. २०१८ च्या अखेरीस आणि पुन्हा २०२० च्या टाळेबंदीनंतर वाढीव बिलांविरुद्ध उपनगरांत क्षोभ उसळला, तेव्हा आपले कार्यकर्ते लोकांबरोबर होते. आयोगापुढील सुनावण्यांत बोलणे, कंपनीच्या खर्चाचा तपशील मागणे हे काम चालूच राहिले पाहिजे. घरगुती ग्राहकांसाठी चढत्या पायऱ्यांची दररचना आहे: पहिली शंभर युनिटे स्वस्त, १०१ ते ३०० ही पायरी महाग, त्यापुढील त्याहून महाग. ही रचना तत्त्वतः गरिबाच्या बाजूची असून ती मोडू देता कामा नये. पण जो खालच्या पायरीवर उभा राहू शकतो त्यालाच तिचा लाभ होतो. गरिबाला ती पायरी सोडून वर का चढावे लागते, हा पुढचा प्रश्न आहे.

बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डी यांनी एक साधा विचार आयुष्यभर मांडला. माणसाला वीज नको असते. त्याला उजेड हवा असतो, वारा हवा असतो, शिजलेले अन्न हवे असते. म्हणून देशाने किती युनिटे निर्माण केली यापेक्षा लोकांना या सेवा किती मिळाल्या, हे मोजले पाहिजे. आपल्याकडे १९७१ साली दांडेकर आणि रथ यांनी दारिद्र्याचा हिशेब मांडताना माणशी २२५० उष्मांक ही कसोटी घेतली आणि भुकेचे मोजमाप सार्वजनिक चर्चेत आणले. वैशाख महिन्यात पत्र्याच्या खोलीत झोपू न शकणाऱ्या माणसाच्या वाऱ्याचे मोजमाप मात्र आपण अजून केलेले नाही.

ते आता करून पाहू. पोयसरच्या एका खोलीत राहणारे पाच माणसांचे कुटुंब कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. छताला जुना पंखा आहे. तो ७५ वॅट वीज खातो. मुंबईच्या दमट हवेत तो बाराही महिने चालतो. घरात दुपारी कोणी शिवणकाम करीत असेल, कोणी रात्रपाळी करून दिवसा झोपत असेल, तर दिवसाचे १८ तास. महिन्याची साडेचाळीस युनिटे एकट्या पंख्याची झाली. भिंतीवर जुनी ट्यूबलाइट आहे. लोखंडी चोक धरून ती सुमारे ५५ वॅट घेते. खोलीला खिडकी एकच, तीही गल्लीत उघडणारी. म्हणून दिवा दिवसाही लागतो. आठ तास धरले तर १३ युनिटे. कोणाकडून तरी जुना घेतलेला फ्रीज दिवसाला १.२ युनिट खातो असे धरू, महिन्याची ३६. दूरदर्शन संच, इस्त्री, मोबाइल वगैरे मिळून २०. बेरीज ११० च्या आसपास जाते, म्हणजे पहिली पायरी ओलांडली.

आता याच खोलीत नव्या पद्धतीचा, बाजारात ज्याला बीएलडीसी म्हणतात तसा पंखा लावा. त्याच वाऱ्यासाठी तो ३० वॅटच्या आसपास वीज घेतो. महिन्याची युनिटे ४० वरून १६ वर येतात. ट्यूबच्या जागी २० वॅटची एलईडी पट्टी लावा. १३ ची पाच होतात. फ्रीजला हात लावला नाही तरी बेरीज ७७ वर उतरते. कुटुंबाने एक तासही वारा कमी घेतलेला नाही, एक मिनिटही अंधारात काढलेले नाही. तरी ३३ युनिटे वाचली आणि ते पुन्हा पहिल्या पायरीवर आले. सर्व आकार व कर मिळून युनिटला सरासरी ७ रुपये पडतात असे हिशेबापुरते धरले, तर महिन्याला सुमारे २३० रुपये घरात राहिले. त्यांपैकी १७० एकट्या पंख्याचे.

मग हे कुटुंब असा पंखा का घेत नाही? येथे सुखवस्तू वाचक म्हणेल, ‘लोकांना माहिती नसते.’ हे अर्धसत्य आहे. माहिती नसते तितकीच रक्कमही नसते. असा पंखा तीन हजारांच्या घरात जातो. साधा त्याच्या निम्म्यात मिळतो, आणि जुना पंखा पुन्हा गुंडाळून घेतला तर काही शे रुपयांत भागते. ज्याच्या बँकेत पैसे पडून आहेत त्याच्यासाठी तीन हजार गुंतवून दरमहा १७० मिळविणे हा सौदा सोन्यासारखा आहे. दीड वर्षात मुद्दल परत आणि पुढची सगळी वर्षे निव्वळ लाभ. कोणतीही मुदत ठेव इतके देत नाही. परंतु ज्याला तीच रक्कम शेकडा तीन रुपये मासिक व्याजाने उभी करावी लागते, त्याचे पहिल्या महिन्यात ९० रुपये व्याजातच जातात. आणि त्याच महिन्यात मुलाची फी किंवा आजारपण आले तर पंखा पुढच्या वर्षावर जातो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला ‘भविष्यकालीन लाभाला कमी किंमत देणे’ म्हणतात, जणू तो गरिबाच्या स्वभावाचा दोष आहे! वस्तुतः तो त्याच्या पतपुरवठ्याचा दोष आहे.

श्रीमंत माणूस सुख विकत घेताना भांडवल एकदाच देतो आणि चालू खर्च कमी करतो. गरीब माणूस भांडवल वाचवितो आणि चालू खर्च जन्मभर देत राहतो. त्याला तोच वारा, तोच उजेड अडीचपट विजेने विकत घ्यावा लागतो. इंग्लंडमध्ये ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ साली ‘इंधन-दारिद्र्य’ या विषयावर लिहिलेल्या ग्रंथात हाच मुद्दा थंड देशाच्या संदर्भात मांडला. साधे दारिद्र्य उत्पन्न वाढवून कमी करता येते; इंधनाचे दारिद्र्य मात्र घर आणि उपकरणे यांत भांडवल घातल्यावाचून हटत नाही. अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशानेही १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७६ साली कायदा करून अल्प उत्पन्न कुटुंबांची घरे सरकारी खर्चाने दुरुस्त करण्याचा कार्यक्रम सुरू केला. बिलावर सवलत देत राहण्यापेक्षा बिलाचे मूळ कापणे स्वस्त पडते, एवढे व्यवहारज्ञान त्यामागे होते.

आपल्या देशातही याचा पुरावा आहे. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली. तेव्हा बाजारात तीन-साडेतीनशे रुपयांना मिळणारा एलईडी दिवा सार्वजनिक क्षेत्रातील एका कंपनीने लाखोंच्या संख्येने एकत्र खरेदी केला आणि थोड्याच काळात त्याची किंमत ७०-८० रुपयांवर आली. काही ठिकाणी तो वीजबिलातून दरमहा १० रुपयांच्या हप्त्याने देण्यात आला. या योजनेखाली ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. योजना कोणत्या सरकारची होती याकडे पाहून आपण तिच्याकडे पाठ फिरवू नये. तिचा धडा आपल्या विचाराचाच आहे: सामूहिक खरेदीने भाव पडतो, आणि हप्ता बिलातून घेतला की सावकार मधून निघून जातो. बाजाराने जे वीस वर्षांत केले असते ते सार्वजनिक खरेदीने दोन वर्षांत केले.

पण दिव्यावर थांबलेली गाडी पंख्यापर्यंत तितक्या वेगाने आली नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखालील ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो २००२ चा. तरी छताच्या पंख्यांना तारांकन सक्तीचे होण्यास १ जानेवारी २०२३ उजाडले. एक कोटी कार्यक्षम पंख्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला. वातानुकूलन यंत्रावरचे तारे मध्यमवर्गीयाला केव्हाच पाठ झाले होते. ज्या यंत्रावर गरिबाचे सर्वाधिक बिल चढते त्याची पाळी शेवटी आली. नियोजनात कोणाची गरज आधी दिसते, याचे हे एक लहानसे पण बोलके उदाहरण आहे.

स्वयंपाकाच्या गॅसविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. मार्च २०२३ मध्ये मुंबईत घरगुती सिलिंडरची किंमत ११०० रुपयांच्या पुढे गेली होती. नंतर ती उतरविण्यात आली. अशा वेळी ‘भांड्यावर झाकण ठेवा, डाळ आधी भिजवा’ असा उपदेश सुरू होतो. रॉकेलच्या रांगेत आयुष्य काढलेल्या बाईला हे सांगणे म्हणजे मासळीला पोहणे शिकविणे. ती झाकण ठेवतेच. तिच्यापाशी नसतो तो चांगला कुकर आणि धड बर्नर असलेली शेगडी. उपदेश फुकट असतो म्हणून तो मुबलक वाटला जातो. कुकरला पैसे पडतात म्हणून तो वाटला जात नाही.

आता अशा एका वर्गाकडे वळू की ज्याच्यापर्यंत चढत्या पायऱ्यांची सवलतही पोहोचत नाही. हा वर्ग पोट-मीटरवरच्या भाडेकरूंचा. कांदिवली-मालाडच्या वस्त्यांत एका घरमालकाच्या तीन-चार खोल्या असतात, माळ्यावर आणखी एक असते, आणि कंपनीचा मीटर मात्र एकच. प्रत्येक खोली ८० युनिटे वापरीत असेल तर स्वतंत्र मीटरवर प्रत्येकाचे बिल पहिल्या पायरीवर थांबले असते. पाच खोल्यांची बेरीज ४०० होते आणि तिचा मोठा भाग वरच्या पायऱ्यांवर आकारला जातो. मालक तो सरासरी दर, बहुधा त्यात स्वतःची भर घालून, भाडेकरूकडून वसूल करतो. परिणामी रिक्षा चालविणारा किंवा घरकाम करणारी बाई मनोऱ्यातील वातानुकूलित घराच्या तोडीचा दर देते. दरवाढीच्या मोर्चात आपण जी सवलत टिकवून आणतो ती तिच्या दारापर्यंत येतच नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. २००३ च्या विद्युत कायद्याच्या ४३ व्या कलमाने मालक किंवा कब्जेदार यांपैकी कोणीही मागणी केल्यास वीज पुरविण्याचे कर्तव्य वितरण कंपनीवर टाकले आहे. ‘कब्जेदार’ हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याच कायद्याने परवान्याशिवाय वीज विकण्यास मनाई केली आहे. परंतु भाडेकरूपाशी करारनामा नसतो. असलाच तर अकरा महिन्यांचा. मालकाची नाराजी ओढवून मीटर मागण्याचे धैर्य एकट्याने होत नाही. येथेच संघटनेचे काम सुरू होते. शिवाय मीटर दुसऱ्याचा, घर दुसऱ्याचे; मग मालकाने चांगला पंखा का लावावा? बिल तो भरीत नाही. भाडेकरूने तरी का लावावा? घर त्याचे नाही. दोघांच्या मधल्या या फटीत बचत अडकून राहते, आणि कोणताही बाजार ती सोडवीत नाही.

उपकरणांनंतर घराकडे पाहिले पाहिजे. पत्र्याच्या छपराखाली दुपारी जी भट्टी पेटते तिच्यापुढे पंखा गरम हवाच फिरवितो. अहमदाबादमध्ये ‘सेवा’च्या परंपरेतून १९९४ साली उभ्या राहिलेल्या महिला हाउसिंग ट्रस्टने वस्तीतल्याच बायकांना घराघरांतील विजेचा हिशेब करण्याचे शिक्षण दिले आणि छपरांना पांढरा लेप देण्याचे काम हाती घेतले. पांढरे छप्पर ऊन परतवून लावते आणि आतील उष्मा काही अंशांनी उतरतो. हे तंत्र चुन्याच्या डब्याइतके साधे आहे. छतावर सौर पट्ट्या बसविण्याच्या ज्या योजनेचा २०२४ पासून इतका गाजावाजा झाला, ती ज्याच्या मालकीचे पक्के छत आहे त्याच्यासाठी आहे. पत्र्याखाली राहणाऱ्यासाठी प्रथम चुना, मग सूर्य!

आणि पत्रा सोडून पुनर्वसनाच्या इमारतीत गेलेल्यांचे काय? झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील घर २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि पुढे ३०० चौरस फुटांवर आले. क्षेत्रफळासाठी आपण भांडलो. हवा आणि उजेड यांसाठी तितके भांडलो नाही. ओटा गेला, अंगण गेले. भांडी घासणे, कपडे वाळविणे, मुलांचा अभ्यास, शेजारणीशी बोलणे हे सारे चार भिंतींच्या आत आले. मधल्या अंधाऱ्या मार्गिकेत दिवसा दिवे जळतात. पंप आणि उद्वाहक यांचे सामाईक बिल भरता न आल्याने वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसे घरातच कोंडली जातात. रमित देबनाथ, रोनिता बर्धन आणि मिन्ना सुनिक्का-ब्लँक यांनी मुंबईतील अशा वसाहतींविषयी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे. वस्तीतून इमारतीत गेलेल्या कुटुंबांत विजेची उपकरणे वाढतात ती उत्पन्न वाढले म्हणूनच असे नाही. घराची रचना आणि त्यामुळे बदललेली घरकामाची पद्धत यांचाही त्यात मोठा वाटा असतो. बिल्डरने खिडकीत वाचविलेले पैसे राहणारा कुटुंबप्रमुख दरमहा वीजबिलातून फेडतो, असा याचा रोखठोक अर्थ आहे. निवासी इमारतींसाठी केंद्राने डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. मुंबईसारख्या उष्ण-दमट प्रदेशात उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या सुमारे सहावा हिस्सा असावे, असे ती सांगते. ती काटेकोरपणे लागू व्हायला हवी ती सर्वप्रथम पुनर्वसनाच्या इमारतींना. मनोऱ्यात राहणारा यंत्राने हवा विकत घेऊ शकतो; पुनर्वसितापाशी खिडकीशिवाय दुसरा आधार नाही.

या विचारावर आपल्याच कार्यकर्त्यांकडून तीन आक्षेप येतील. पहिला असा, की यामुळे दराच्या लढ्याची धार बोथट होईल. मला तसे वाटत नाही. गोरेगावात मृणालताईंनी पाण्यासाठी जो लढा दिला आणि ज्यामुळे लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले, तो पाण्याच्या दरासाठी नव्हता. वस्तीपर्यंत नळ यावा यासाठी होता. नळ म्हणजे भांडवल. ते सार्वजनिक संस्थेने घालावे, ही मागणी होती. आज घरातील कार्यक्षम पंखा हा त्या नळाचाच पुढचा भाग आहे.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्रातला. १८६५ साली जेव्हन्सने दाखविले की वाफेची यंत्रे कोळसा वाचवू लागली तेव्हा कोळशाचा एकूण खप उलट वाढला. वाचलेली वीज गरीबही अन्यत्र वापरतील, मग बचत कोठे राहिली? त्याला माझे उत्तर असे: आजीच्या कोपऱ्यात दुसरा पंखा फिरला आणि बिल पूर्वीइतकेच राहिले, तर ही योजना फसली असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? श्रीमंताच्या घरी वाढलेला वापर हा चैनीचा विस्तार असू शकेल. येथे ती साठलेल्या वंचनेची भरपाई आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वीज विकणाऱ्या खाजगी कंपनीला वीज वाचविण्यात रस का असावा? तो नसणारच. आयोगाने मान्य केलेल्या भांडवली खर्चावर कंपनीला ठरावीक परतावा मिळतो. ग्राहकाच्या घरी वाचलेल्या युनिटाने तिची मालमत्ता वाढत नाही. म्हणूनच हे काम तिच्या मर्जीवर सोडता येत नाही. आयोगाने २०१० साली मागणीच्या बाजूने वीज वाचविण्याच्या कार्यक्रमांसंबंधी विनियम केले आहेत. वितरण कंपन्यांनी असे कार्यक्रम आखावेत आणि त्यांचा मान्य खर्च दरातून भरून निघावा, अशी त्यांत तरतूद आहे. म्हणजे हत्यार आहे. प्रश्न ते कोणासाठी चालते हा आहे. कार्यक्रम जर ‘जुने द्या आणि सवलतीत नवे घ्या’ एवढाच असेल, तर रोख रक्कम देऊ शकणाराच पुढे येणार. मग सर्वांच्या दरातून जमलेल्या पैशावर सुखवस्तू घरात नवा फ्रीज येईल आणि पोयसरची बाई आपल्या बिलातून त्याला हातभार लावील.

या प्रश्नाला महाराष्ट्राच्या स्तरावरही अर्थ आहे. १९९५ साली सुरू झालेले डहाणूचे ५०० मेगावॅटचे कोळशाचे केंद्र मुख्यतः मुंबईच्या याच उपनगरांसाठी, चिकूच्या बागा आणि वारल्यांचे पाडे असलेल्या मुलखात उभारले गेले. त्याच दशकात दाभोळला एन्रॉनचा प्रकल्प आला. त्याच्या करारातील महागडेपण पुण्याच्या ‘प्रयास’च्या गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडेवारीनिशी उघड केले, मृणालताईंसह आपल्या अनेकांनी त्याविरुद्ध आंदोलन केले. अखेर मे २००१ मध्ये राज्य वीजमंडळाने ती वीज घेणे थांबविले, पण तोवर मंडळाच्या तिजोरीला मोठे भगदाड पडले होते. विजेची गरज फुगवून सांगितली की अशी केंद्रे डोक्यावर बसतात. दहा लाख घरांत पंख्यामागे ४५ वॅट वाचले, तर ते सर्व पंखे चालू असतील त्या घटकेला ४५ मेगावॅटचा भार उतरतो. कोणाची जमीन न घेता, कोणाच्या बागेवर राख न पाडता उभे राहणारे हे वीजकेंद्र आहे.

तेव्हा आपल्या मागण्या कोणत्या असाव्यात? पहिली मागणी अशी, की महिन्याला शंभर युनिटांपर्यंत आणि त्याच्या थोडे वर वापर असणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला एक कार्यक्षम पंखा आणि एक दिवापट्टी आगाऊ रकमेशिवाय मिळावी. किंमत बिनव्याजी हप्त्यांनी बिलातून वळती व्हावी, आणि हप्ता बचतीपेक्षा नेहमी कमी असावा. वरच्या उदाहरणातील तीन हजारांचा पंखा २४ हप्त्यांत दिला तर महिन्याला १२५ रुपये होतात आणि बचत १७० ची आहे. म्हणजे पहिल्या महिन्यापासून ४५ रुपये हातात राहतील. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांना तो विनामूल्य द्यावा. दुसरी मागणी पोट-मीटरवरील भाडेकरूंसाठी: कब्जेदाराला स्वतंत्र मीटर देण्याची मोहीम कंपनीने वस्तीत येऊन राबवावी, आणि तोवर एका मीटरवरील कुटुंबे मोजून प्रत्येक कुटुंबाला पहिल्या पायरीचा लाभ द्यावा. तिसरी मागणी पत्र्याच्या छपरांना पांढरा लेप महापालिकेने उन्हाळ्यापूर्वी द्यावा ही. चौथी, पुनर्वसनाच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी हवा आणि उजेड यांची तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल राहणाऱ्यांना मराठीत मिळावा.

मागण्यांच्या आधी मात्र एक काम आपले आहे. १९६३ साली डॉ. लोहियांनी लोकसभेत ‘तीन आण्यां’चा हिशेब मांडला, तेव्हा सरकारला उत्तर द्यावे लागले; कारण त्यांच्या हाती घोषणेबरोबर आकडा होता. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील शंभर घरे निवडावीत. बारा महिन्यांची बिले पाहावीत. पंखे किती, किती वॅटचे, किती तास चालतात, दिवे कोणते, मीटर कोणाच्या नावावर, भाडेकरू युनिटला काय देतो, खिडकी किती मोठी, छप्पर कशाचे, हे वहीत लिहावे. हे काम वस्तीतील मुली आणि गृहिणी आपल्या अभियंत्यांपेक्षा चांगले करतील, कारण घराची दारे त्यांना उघडतात. अशा वह्या घेऊन आपण आयोगाच्या सुनावणीला गेलो, तर तेथे केवळ कंपनीचा सनदी लेखापाल बोलणार नाही.

वीज ही सार्वजनिक गरज आहे असे आपण म्हणत आलो. त्या वाक्याचा उत्तरार्ध अजून बोलावयाचा राहिला आहे: त्या विजेचे उजेडात आणि वाऱ्यात रूपांतर करणारे साधनही सार्वजनिक जबाबदारीत आले पाहिजे. तोवर दर कितीही खाली आणला तरी त्यातला मोठा भाग जुन्या पंख्याच्या तापलेल्या तारेतच जिरून जाईल.